दहा ते दोन, दर बुधवारी

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही. पण अब्बांच्या कपाटात उर्दू शायरीची डझनभर पुस्तकं होती आणि त्यातल्या प्रत्येकात मयखाना होता. अब्बा तो शब्द इतक्या अदबीनं उच्चारत की लहानपणी मला मयखाना म्हणजे एखाद्या पीराचं ठाणंच वाटायचं. खरा गुत्ता मी पाहिला तो शाळेच्या वाटेवरचा, देशी दारूचं सरकारमान्य दुकान. त्याच्यासमोरून जाताना अम्मी माझा हात घट्ट धरून पावलं उचलायची. पुस्तकातला मयखाना आणि वाटेवरचा गुत्ता यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तर सांगायचं ते असं की वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी तिकीट काढून एका मयखान्यात गेलो. बायकोला सोबत घेऊन गेलो. नमाजी माणूस तिथे कशाला गेला, असं विचारणारे विचारतील, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

मुलगा जर्सी सिटीत राहतो. गेल्या वर्षी आम्ही दोघं त्याच्याकडे दोन महिने होतो. मोठमोठ्या इमारती, पुतळे, पूल सगळं दोन आठवड्यांत पाहून झालं. माझी बघायची भूक वेगळी आहे हे मुलाला माहीत आहे, म्हणून एका शनिवारी तो म्हणाला, “अब्बा, न्यूयॉर्कमधल्या सगळ्यात जुन्या इमारतींपैकी एक बघायची का? फक्त एक आहे, ती टॅव्हर्न आहे.”

नदीखालून जाणाऱ्या रेल्वेनं पलीकडे गेलो आणि दक्षिणेकडे चालत पर्ल स्ट्रीटला आलो. पर्ल म्हणजे मोती. पण हे नाव मोत्यांवरून नव्हे, शिंपल्यांवरून पडलेलं. एके काळी हाच रस्ता शहराचा किनारा होता आणि काठावर कालवांच्या शिंपल्यांचा खच पडलेला असे. आता समुद्र बराच पुढे गेलाय, मधली सगळी जमीन भरावाची. मुंबई पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

ब्रॉड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ती उभी आहे, ५४ पर्ल स्ट्रीट. विटांची, बुटकी, उतरत्या छपराची, छपरात छोट्या खिडक्या. भोवती काचेचे मनोरे. शाळेच्या सामूहिक फोटोत पुढच्या रांगेत बसवलेल्या लहान मुलासारखी दिसते. पाटीवर नाव ‘फ्रॉन्सेस टॅव्हर्न’. खाली अजूनही खाणावळ आणि बार चालतो, आणि वरच्या मजल्यांवर संग्रहालय आहे.

बायको दारातच थांबली. “अहो, इथे आत बाटल्या दिसतायत.”

“आपण वर जायचंय.”

“वर जायचा जिना आतूनच आहे ना?”

तो आतूनच होता. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि खाली पाहत जिना चढली. तिला मी हसलो नाही, कारण माझीही चाल तशीच होती.

टॅव्हर्नला मराठीत चपखल शब्द नाही. गुत्ता म्हटलं तर फार खाली येतो, सराई म्हटलं तर दारू निघून जाते, खानावळ म्हटलं तर राजकारण निघून जातं. अठराव्या शतकातल्या त्या शहरांत टॅव्हर्न म्हणजे खायची-प्यायची जागा, मुक्कामाची जागा, वर्तमानपत्र वाचायची, सौदे करायची, सभा भरवायची आणि सरकारविरुद्ध कुजबुजायची जागा. आपल्याकडे ही कामं चावडी, सराई, इराण्याचं हॉटेल आणि मशिदीचा ओटा यांनी वाटून घेतली होती. तिकडे ती एकाच छपराखाली चालत.

१७१९ साली हे घर बांधलं स्टीफन डिलान्सी नावाच्या व्यापाऱ्यानं. तो मुळात फ्रान्सचा, प्रॉटेस्टंट. तिथल्या कॅथलिक राजवटीत जगणं अशक्य झालं म्हणून पळून आलेल्यांपैकी. जमीन त्याला सासऱ्याकडून मिळाली होती. म्हणजे पाया घातला तोच मुळी एका निर्वासितानं. १७६२ साली सॅम्युअल फ्रॉन्सेसनं ते विकत घेतलं आणि तिथे राणी शार्लटच्या चित्राची पाटी लावून टॅव्हर्न उघडली. पाटी राणीची, आणि आत काही वर्षांतच राजाविरुद्ध बैठका. १७७५ च्या ऑगस्टमध्ये बंदरातल्या ‘एशिया’ या ब्रिटिश युद्धनौकेनं शहरावर तोफा डागल्या तेव्हा एक गोळा हिच्या छपरातून आत आला. पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर, १७८५ ते १७८८ या काळात, नव्या देशाच्या परराष्ट्र, तिजोरी आणि युद्ध या खात्यांच्या कचेऱ्या याच इमारतीत होत्या. ज्या देशाच्या आज जगभर कचेऱ्या आहेत, त्याला तेव्हा एका खाणावळीच्या खोल्या भाड्यानं घ्याव्या लागल्या.

फ्रॉन्सेस हा माणूसही कोडंच आहे. लोक त्याला ‘ब्लॅक सॅम’ म्हणत. त्यावरून तो आफ्रिकी वंशाचा होता असं पुष्कळजण मानतात. पण १७९० च्या जनगणनेत त्याची नोंद मुक्त गोरा अशी आहे, आणि त्याच्या घरात एक गुलामही दाखवलाय. इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही. वर्षानुवर्षं त्याचं म्हणून जे तैलचित्र दाखवलं जात होतं, ते अलीकडे दुसऱ्याच कुणाचं तरी निघालं. नंतर तो राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनच्या घरचा कारभारी झाला, १७९५ साली फिलाडेल्फियात वारला आणि तिथे बिननावाच्या कबरीत राहिला. ज्याच्या नावानं इमारत ओळखली जाते त्याचा चेहरा नाही आणि रंगही पक्का नाही.

दुसऱ्या मजल्यावर ‘लाँग रूम’ आहे, लांबट दालन. मध्ये लाकडी टेबलं, खुर्च्या, पेले, चिनी मातीच्या चिलमी. सगळी गर्दी इथेच. ४ डिसेंबर १७८३ ला वॉशिंग्टननं आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला तो या खोलीत. नऊ दिवसांपूर्वीच, २५ नोव्हेंबरला, शेवटची ब्रिटिश फौज शहर सोडून गेली होती. सेनापतीनं पेला भरला, चार शब्द बोलला आणि एकेकाला मिठी मारली. सगळे रडले. हे आपल्याला कळतं ते बेंजामिन टॅलमॅज या अधिकाऱ्यामुळे. तो तिथे हजर होता आणि म्हातारपणी त्यानं आठवणी लिहिल्या. निरोप झाल्यावर वॉशिंग्टन चालत व्हाइटहॉलच्या धक्क्यावर गेला आणि होडीत बसून पलीकडच्या पॉलस हुकला उतरला. हे पॉलस हुक म्हणजे आजच्या जर्सी सिटीचाच भाग. म्हणजे सकाळी आम्ही आलो तो रस्ता तो उलट दिशेनं गेला होता. मुलगा यावर खूश झाला. दर महिन्याला भरत असलेल्या भाड्याचं त्याला थोडं सार्थक वाटलं असावं.

मी मात्र त्या टेबलांपाशी फार थांबलो नाही. रडणारे सेनापती मी चित्रपटांत पुष्कळ पाहिलेत. मला थांबवलं ते संग्रहालयानं अलीकडे मांडलेल्या दुसऱ्या एका हकिकतीनं. त्याच वर्षीची, त्याच इमारतीतली. पण ती मी कधी वाचली नव्हती.

युद्धाच्या सात वर्षांत न्यूयॉर्क ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. ब्रिटिशांनी जाहीर केलं होतं की बंडखोर मालकाला सोडून जो गुलाम आमच्या फौजेच्या हद्दीत येईल त्याला मोकळीक. त्यात माणुसकीपेक्षा डावपेच जास्त होता, कारण ब्रिटिशांच्या बाजूनं असलेल्या मालकांचे गुलाम गुलामच राहणार होते. तरीही हजारो काळे लोक जिवावर उदार होऊन पळाले. नद्या पोहून, होड्या चोरून, मुलं पाठीला बांधून. मग ब्रिटिश हरले. तहात कलम आलं की जाताना अमेरिकनांची ‘मालमत्ता’ नेऊ नये. मालमत्तेत माणसंही आली. मालक शोध घेत शहरात येऊ लागले.

ब्रिटिश सेनापती गाय कार्लटननं एक भूमिका घेतली आणि ती सोडली नाही. तहाचा मसुदा झाला त्या ३० नोव्हेंबर १७८२ च्या आधी जे आमच्या हद्दीत आले ते मुक्त झाले. त्यांना दिलेला शब्द मोडता येणार नाही. नंतर आलेल्यांचा हिशेब वेगळा. मग पुरावा काय? तर ब्रिगेडियर जनरल बर्च यांच्या सहीचा एक कागद. अमुकतमुक माणूस जाहीरनाम्यावर विश्वासून आमच्या आश्रयाला आला, त्याला हवं तिथे जाण्याची मुभा आहे, एवढाच मजकूर. तो कागद हातात असेल तर जहाजावर चढायचं. आणि कागदाला कुणी मालकानं हरकत घेतली तर सुनावणी. ब्रिटिश आणि अमेरिकन प्रतिनिधींचं मंडळ बसायचं दर बुधवारी, सकाळी दहा ते दुपारी दोन, मे ते नोव्हेंबर १७८३. आणि ते बसायचं सॅम्युअल फ्रॉन्सेसच्या टॅव्हर्नमध्ये.

मी ती पाटी दोनदा वाचली. मग खुर्ची शोधली.

आमच्या पिढीतल्या मुसलमान माणसाला ‘कागद’ या शब्दाचं काय होतं ते लांबवर सांगायची गरज नाही. २०२० च्या जानेवारीत मी सेवानिवृत्त, पेन्शनर, आयुष्यभर सरकारी शाळेत मराठी शिकवलेला माणूस, घरातल्या पत्र्याच्या पेट्या उपसत बसलो होतो. महाराष्ट्रात कुणी काही मागितलेलं नव्हतं. पण मागितलं तर? अब्बांचं नाव शाळेच्या दाखल्यावर ‘अब्दुल कादर’, सातबारावर ‘अबदुलकादीर’, मतदारयादीत नुसतंच ‘कादर’. तिघं एकच आहेत हे मला माहीत होतं, पण ते सिद्ध कोण करणार? दुरुस्तीसाठी एका कचेरीत गेलो. तिथला कारकून, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा, वाईट नव्हता. फक्त म्हणाला, “सर, तुमच्याकडे त्याआधीचं काही आहे का? आजोबांचं?” माझी स्वतःची जन्मतारीख १ जून आहे. गावच्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना वर्गातल्या अर्ध्या मुलांना वाटली होती तीच.

तिथल्या पाटीवर काही नोंदी मोठ्या अक्षरांत छापल्या होत्या. जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव जहाजावर चढण्याआधी एका मोठ्या वहीत लिहिलं गेलं. जहाज, मुक्कामाचं ठिकाण, नाव, वय, वर्णन, पूर्वीचा मालक, शेरा. सुमारे ३,००० माणसं. वही कशासाठी, तर पुढे अमेरिकनांनी नुकसानभरपाई मागितली तर हिशेब देता यावा म्हणून. म्हणजे तो मालाचा दाखला. वर्णनं तशीच आहेत, जनावरांच्या बाजारात लिहावीत तशी. धडधाकट, किरकोळ, थकलेला, एका डोळ्यानं आंधळा.

त्यात एक बाई आहे. डेबोरा स्क्वॉश, वय २०. धडधाकट, जाड ओठ, तोंडावर देवीचे व्रण. जहाज ‘पॉली’, जाणार नोव्हा स्कॉशियातल्या पोर्ट रोझवेला. पूर्वीचा मालक जनरल वॉशिंग्टन.

होय, तोच. लाँग रूममध्ये मिठ्या मारणारा. १७८१ च्या एप्रिलमध्ये ‘सॅव्हेज’ नावाचं ब्रिटिश जहाज त्याच्या माउंट व्हर्ननच्या इस्टेटीपाशी आलं तेव्हा १७ गुलाम त्यावर पळून गेले. इस्टेटीच्या कारभाऱ्यानं केलेल्या यादीत डेबोरा आहे. पण न्यूयॉर्कच्या वहीत, १७८३ मध्ये, शेरा आहे की ती सुमारे चार वर्षांपूर्वी निघाली. हिशेब जुळत नाही. तिनं दोनेक वर्षं वाढवून सांगितली असणार. जितकं आधी आलो म्हणू तितकं सुरक्षित, हे त्या विशीतल्या मुलीला न शिकवता कळलं होतं. मला एकदम १ जून आठवला. कागदाच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाची तारीख नेहमी थोडी हललेली असते.

वॉशिंग्टनला आपली माणसं न्यूयॉर्कमध्ये असतील असा संशय होता. १७८३ च्या एप्रिलअखेर त्यानं डॅनियल पार्करला पत्र लिहून ती सापडली तर धरून ठेवायला सांगितलं होतं. हा पार्कर जहाजांवर देखरेख करणाऱ्या तीन अमेरिकन प्रतिनिधींपैकी एक. डेबोरा आणि तिचा नवरा हार्वी त्याच सुमारास जहाजावर चढून निघून गेले. जुलैत हॅरी वॉशिंग्टन नावाचा चाळिशी ओलांडलेला माणूसही गेला, तोही माउंट व्हर्ननचाच. आडनाव त्यानं मालकाचंच ठेवलं होतं. पुढे तो नोव्हा स्कॉशियातून सिएरा लिओनला गेला, आणि १८०० साली तिथल्या गोऱ्या कारभाऱ्यांविरुद्धच्या बंडात सापडला. आडनाव फुकट गेलं नाही म्हणायचं.

सगळे मात्र गेले नाहीत. काहींचं प्रकरण बुधवारी मंडळापुढे आलं आणि त्यांना मालकाच्या हवाली करण्यात आलं. खाली लोक जेवत-पीत असतील. जिन्यावर उभं राहून नाव पुकारण्याची वाट पाहणाऱ्याला खालच्या भाजलेल्या मांसाचा वास येत असेल. हे मी वाचलेलं नाही. त्या जिन्यावर उभं राहिल्यावर मला वाटलं, एवढंच.

आणि इथे इमारतीच्या जतनाचा प्रश्न येतो, कारण तो जिनासुद्धा तो जिना नाही.

एकोणिसाव्या शतकात ही वास्तू चारचौघींसारखी झाली होती. तीनदा आगी लागल्या, वर मजले चढले, कधी भाडेकरूंचं वसतिगृह, कधी बिअरचं दुकान. १९०० च्या सुमाराला ती पाडायचं घाटत होतं. तेव्हा देशाभिमानी मंडळी जागी झाली, त्यात क्रांतीत लढलेल्यांच्या लेकी-नातींची संघटना पुढे होती. १९०४ साली क्रांतीत लढलेल्यांच्या वंशजांच्या संस्थेनं, ‘सन्स ऑफ द रेव्होल्यूशन’नं, ती विकत घेतली. पैसा आला एका मृत्युपत्रातून, फ्रेडरिक टॅलमॅज यांच्या. हे त्या आठवणी लिहिणाऱ्या टॅलमॅजचे नातू. आजोबांनी प्रसंग लिहून ठेवला, नातवानं त्याची खोली विकत घेतली. मला हे फार आवडलं, आणि थोडा हेवाही वाटला.

विल्यम मर्सेरो या वास्तुतज्ज्ञानं मग वरचे मजले उतरवले. मूळ घर कसं होतं याचा पुरेसा आराखडा कुणाकडेच नव्हता. विटांवरच्या खुणांवरून त्यानं छपराचा उतार ठरवला, आणि जिथे खुणा नव्हत्या तिथे त्या काळची इतर घरं पाहून अंदाज बांधला. ४ डिसेंबर १९०७ ला ती उघडली, मुद्दाम निरोपाच्याच तारखेला. तेव्हापासून टीका चालू आहे की ही जुनी इमारत नव्हे, जुन्या इमारतीची कल्पना आहे. तरीही १९६५ साली शहरानं तिला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. २४ जानेवारी १९७५ ला, भर जेवणाच्या वेळी, पोर्तो रिकोच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एका गटानं इथे बॉम्ब फोडला. चौघं मेले, पन्नासहून जास्त जखमी झाले. त्यातूनही ती उभी राहिली.

मला त्या टीकाकारांचं म्हणणं पटतं आणि तरी मर्सेरोचा राग येत नाही. अंदाजानं का होईना, त्यानं भिंती उभ्या ठेवल्या. भिंती उभ्या होत्या म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांनी कुणालातरी तिथे बुधवारची पाटी लावता आली. माझी तक्रार दुसरीच आहे. त्यांनी इमारत वाचवली ती एका दुपारच्या रडण्यासाठी. सात महिन्यांचे बुधवार कुणाच्या ध्यानीमनी नव्हते, कारण बुधवारवाल्यांच्या नातवंडांची मृत्युपत्रं नव्हती. त्यांची आठवण राखली ती त्या हिशेबाच्या वहीनं, जिचा हेतू त्यांना माल म्हणून मोजण्याचा होता. तिची प्रत लंडनच्या आणि वॉशिंग्टनच्या सरकारी अभिलेखागारांत आहे. आज नोव्हा स्कॉशियातली माणसं आपले पूर्वज त्या वहीत शोधतात. तिथे बर्चटाउन नावाचं गावच आहे, त्या सही करणाऱ्या बर्चच्या नावाचं. त्या लोकांनी स्वतःची एक संस्था काढून कागद गोळा केले होते, तर २००६ साली तिच्या कचेरीला आग लावली गेली आणि बरंच जळालं. सरकारी वही सुरक्षित आणि घरचे कागद राख, हे मला फार ओळखीचं वाटलं. पण आमच्या बाबतीत आग लावायला बाहेरून कुणी आलं नव्हतं. आता तेच सांगतो.

आमच्या गावची मशीद लाकडी होती. सागाचे खांब, वर कौलं, पुढे पाण्याचा हौद. कोकणातल्या जुन्या मशिदी अशाच असत, लांबून पाहिलं तर एखाद्या खोताच्या घरासारख्या. पंधराएक वर्षांपूर्वी आखातातल्या मुलांनी पैसे पाठवले आणि जमातीत ठरलं की पाडून सिमेंटची बांधायची, दोन मिनार, खाली फरशी. चार म्हाताऱ्यांनी विरोध केला. जमातीनं शिकलेला माणूस म्हणून माझं मत विचारलं. मी म्हणालो, पावसाळ्यात गळते, वाळवी आहे, नमाज भिंतींची नसते. वाक्य चांगलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. खांब एका व्यापाऱ्यानं ट्रकमध्ये घालून नेले. आता ते कुठल्यातरी रिसॉर्टच्या व्हरांड्यात असतील, आणि तिथे संध्याकाळी काय पितात हे मी सांगायला नको.

मशिदीच्या माळ्यावर जमातीच्या जुन्या वह्या होत्या. वर्गणी कोणी किती दिली, तेलाला किती गेले, कोणाच्या मयतीला कफन जमातीनं दिलं. उर्दूत, काही पानं मोडीत. लहानपणी दादा मला त्यात त्यांचं नाव दाखवायचे, त्यांच्या वडिलांचंही. नावापुढे बाप, बापापुढे घराणं, पुढे आणे-पै. २०२० च्या त्या जानेवारीत कारकून म्हणाला होता, “आजोबांचं काही आहे का?” तेव्हा मला आठवल्या त्या या वह्या. पण मी त्या शोधायला गेलो नाही. सापडणार नाहीत असं वाटत होतं, की सापडणार नाहीत हे माहीत होतं, मला आता सांगता येत नाही.

टॅव्हर्नमधून बाहेर पडेस्तोवर जुहरची वेळ झाली होती. मुलगा आम्हाला पाच-सात मिनिटांवरच्या बॅटरी पार्कात घेऊन गेला. पाण्याच्या काठी गवतावर त्यानं जॅकेट पसरलं, मी आणि बायकोनं नमाज पढली. समोर बंदर, स्टेटन आयलंडला जाणारी केशरी बोट, उजवीकडे पलीकडच्या काठाला आमची जर्सी सिटी. ‘पॉली’ याच पाण्यातून गेली. सलाम फेरल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. बायको म्हणाली, “त्या मुलीचं पुढे काय झालं?” मी म्हणालो, नवऱ्यासोबत गेली, एवढं वहीत आहे. तिनं विचारलं, “मूलबाळ?” मला सांगता आलं नाही. “पोहोचली ना पण?” ती म्हणाली, आणि पिशवीतून संत्री काढली.

रात्री मी गावाला चुलतभावाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. तो जमातीचं काम पाहतो. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, “भाई, मशीद पाडली तेव्हा माळ्यावरच्या वह्या होत्या ना, त्यांचं काय केलं?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मागे कोंबडा ओरडत होता.

“तूच तर उभा होतास तिथे,” तो म्हणाला. “मी तुला विचारलं होतं, हे काय करायचं. तू एक उघडून पाहिलीस आणि म्हणालास, वाळवी लागलीय, दुसऱ्या सामानाला लागेल. जाळून टाका.”